बाबलोकाकांचं बोट

शुक्रवार, संध्याकाळ. डिचोली.

सापडली! चूक माझ्याच प्रोग्रामात सापडली आणि मी नाचतेय. खाणीच्या वजनकाट्यावर अधूनमधून एकाच ट्रकच्या दोन पावत्या निघायच्या. सगळे म्हणायचे, काट्यावर बसणाऱ्या बाबलोकाकांचं बोट थरथरतं, बटण दोनदा दाबलं जातं. मीही म्हटलंच ना? खाणीचे साहेब त्यांना काट्यावरून काढणार होते.

आज साहेबांसमोर मी लिहिलेली चाचणी चालवली. माउसला कुणाचा हात नाही, पडद्यावरचा बाण आपोआप फिरत, प्रत्येक नकली ट्रकला बटण एकदाच दाबत गेला. चाळिसाव्या ट्रकला पावत्या दोन!

काका ओरडले, "हेका तर बोटच नाय गे बाय!"

मी दुरुस्ती केली, पुन्हा पाचशे ट्रक सोडले. प्रत्येकाला एकच पावती.

सोमवारी पहिल्या ट्रकला बटण काकांचंच बोट दाबणार. थरथरू दे खुशाल.