कुणीच न दिलेला मिसकॉल

सोमवार, १४ नोव्हेंबर २००५
मुरलीपुरा, जयपूर

समाजशास्त्राच्या प्रबंधात पहिल्याच प्रकरणाशी घोडं अडलं होतं, ते आज एका मिसकॉलने हललं. आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर निसटेल.

कारखान्यातून निघताना सुहास मिसकॉल देतो आणि मी कुकर लावते, हे आमचं ठरलेलं. पण आज सकाळी कडाक्याचं भांडण झालं. तो डबाही न घेता गेला. मी ठरवलं, आज स्वयंपाक नाही. आणि संध्याकाळी फोन एकदाच वाजून थांबला. गेला वाटतं याचा राग, म्हणत मी कुकर लावलाच, वर त्याच्या आवडीची भरली वांगी केली.

तो आला, वांगी बघून हसला, जेवायला बसला. म्हटलं, "बरं झालं, तूच आधी मिसकॉल दिलास."

"मी? मतलब, खिशात बटण दाबलं गेलं असेल गं."

माझा घास हातातच राहिला. त्याने काही सांगितलंच नव्हतं, तरी मी ऐकलं आणि भांडण मिटलं! मी आपली लिहीत बसले होते, समाज माणसांचा बनतो. छे. तो बनतो एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचण्यातून, आणि काय पोचलं ते ऐकणारा ठरवतो. सापडलं पहिलं वाक्य.

पण खिशातून चुकून लागलेला फोन माझ्याकडे एकदाच वाजून आपोआप बंद कसा होईल? सुहास खोटं बोलला का? सिद्धांताला याने काही फरक पडत नाही.

मला पडतो.