माळावर पाणी चढेना

प्रिय आक्का,

तुझे फोन येतात आणि मी उचलत नाही, म्हणून तू चिडली असशील. चीड. इथं मीही महिनाभर एका संगणकावर चिडलेय. आपल्या गावाची पाणीयोजना आमच्या बेळगावच्या ऑफिसकडं आली, तेव्हा मी हौसेनं मागून घेतली होती. आता डोकं फिरायची वेळ आलीय.

नदीकाठच्या पंपानं पाणी थेट नळांत सोडायचं, अशी योजना. त्याआधी पाइप, पंप, गावातले चढउतार सगळं संगणकात मांडून बघायचं. मांडलं, आणि माळावरची अख्खी वस्ती लाल झाली. लाल म्हणजे दाब शून्याच्याही खाली. खरंच तसं झालं तर नळाला पाणी येणं राहू दे, फुटक्या सांध्यांतून गटारीचं पाणी पाइपात ओढलं जाईल.

आधी माझीच चूक शोधली. एका चौकाची उंची टाइप करताना आकडे उलटे पडले होते; दुरुस्त केले. लाल तसंच. पाइपांचे व्यास तपासले, तेही बरोबर. पंप मोठा घातला तर पाणी चढतं, पण खालच्या गल्लीतले जुने पाइप फुटतील. आमचे साहेब, नागराज सर, मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पूर्णिमा, माळाची उंची थोडी अ‍ॅडजस्ट माडी, कमी कर. लाल जातंय बघ." जणू माळ यांच्या सांगण्यावरून खाली बसणार आहे! मी नाही म्हटलं. तेव्हापासून शेजारच्या टेबलावर बसून ते मला ईमेल पाठवतात.

शेवटी वैतागून गावी गेले. माळावरच्या मालुबाई आठवतात ना, शाळेतून येताना आपल्याला ताक द्यायच्या? गुडघे गेलेत त्यांचे, तरी घागर खालूनच आणतात. मी नकाशा उघडायला लागले तर म्हणाल्या, "कागदावर पाणी लई डाव आलंय गं. वर चढतंय का न्हाय, तेवढं सांग." मी नकाशा मिटला आणि परत येऊन संगणकापुढं बसले.

उपाय एकच निघाला. दाब संपायच्या आधी, वाटेत एक छोटी टाकी बांधायची आणि तिथून दुसऱ्या पंपानं पाणी वर ढकलायचं. हा दुसरा पंप संगणकात गायरानात ठेवून बघितला, पण ते चढावर; तिथवर पोचेस्तोवर दाब मेलेला. ओढ्याकाठी ठेवला, तर तिथं दर पावसाळ्यात पूर. शाळेमागं, रस्त्यापलीकडं... जिथं जिथं आपली जागा नाही, तिथं तिथं ठेवून बघितला गं, आक्का.

चढाच्या पायथ्याची, आप्पांनी आपल्यासाठी ठेवलेली जागा सोडली, तर एकही चालत नाही. तिथं तू आणि दाजींनी घराचा आराखडा काढलाय, स्वयंपाकघराच्या खिडकीवरून तुमचं भांडणही झालंय, सगळं ठाऊक आहे मला. जागा आपल्या दोघींच्या नावावर आहे. पंचायत तुला विचारेलच. त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी तो पंप पुन्हा दुसरीकडं सरकवला असता. माझ्या बाजूनं मी हो म्हटलंय. तू नाही म्हणालीस तरी तो तुझा हक्क आहे, मी भांडणार नाही. पण तुझ्या घराच्या जागेवर खूण मी केली, दुसऱ्या कुणी नाही. काय बोलायचं ते मलाच बोल.

तुझीच, शिव्या खायला तयार,
पूर्णी