गाऱ्हाण्यात वेळणेश्वरची गाडी

तीर्थस्वरूप जानूकाकांस,

दीपकचा साष्टांग नमस्कार. (सध्या तोंड जमिनीकडेच ठेवावंसं वाटतं, म्हणून हाच नमस्कार सोयीचा.) गुडघा कसा आहे? मुंबईच्या जिन्यांनी तुम्हाला फार छळू नये, एवढीच इच्छा.

तुम्ही नाही म्हणून यंदा जत्रेला देवापुढे वाडीचं गाऱ्हाणं घालायला मला उभं केलं. कारण काय, तर मी स्टँडवर एसटी गाड्या पुकारतो, म्हणजे आवाज खणखणीत! (गाऱ्हाण्याला शब्दही लागतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.) नारळ हातात घेतला, "बा देवा म्हाराजा" झोकात म्हटलं, वाडीने "व्हय म्हाराजा" करून उचलून धरलं आणि माझी पाटी कोरी झाली. समोर सगुणाकाकू हात जोडून उभी. तिची चार वर्षांची नात वैष्णवी, जन्मापासून ऐकू न येणारी; येत्या सोमवारी मुंबईत तिच्या कानाचं ऑपरेशन. काकूने आदल्या दिवशी तीनदा बजावलं होतं, "पोरीच्या कानाचा तेवढा इसरू नको रे."

आणि काका, पोरीचं नाव घ्यायच्या जागी मी वेळणेश्वरची गाडी फलाट तीनवर लावली! तुमच्याच चालीत, तुमच्याच हेलात, शब्द तसेच अर्धे गिळत. व्हय म्हाराजा! प्रवाशांनी सामानाकडे लक्ष द्यावं. व्हय म्हाराजा! गाडीला अर्धा तास उशीर आहे. त्यालाही व्हय म्हाराजा! (स्टँडवर उशीर इतक्या भक्तिभावाने कुणी ऐकत नाही.) थांबायला हवं होतं, पण चाल सापडली होती. लिहायला लाज वाटते, मला मजा यायला लागली होती.

मग काकूकडे पाहिलं. डोळ्यांना धार लागलेली. नंतर म्हणाली, "अगदी जानूभावजींवानी घातलंस. माजा जीव हलका झाला." मी मान खाली घातली, तिला तो विनय वाटला. तिच्या पदराआडून वैष्णवी मात्र गाऱ्हाणंभर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सगळ्या वाडीत आवाजाला न भुललेली तेवढी एकच. तिच्याकडे मला बघवेना.

तुमचा, वाडीत तोंड चुकवत फिरणारा,
दीपक

ता. क. काकूला खरं सांगायचा धीर नाही. तेव्हा सोमवारी सकाळी तिथूनच पोरीसाठी गाऱ्हाणं घाला. नाव स्पष्ट घ्या: वैष्णवी.

आणखी एक. गाऱ्हाण्याच्या मधला तो तुमचा पुटपुटता भाग, ज्याला लहानपणापासून मी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणत आलो, तो खूप आठवून पाहिला. चार म्हाताऱ्यांनाही विचारलं. चाल सगळ्यांना येते, शब्द एकालाही नाही. काका, त्यात काही होतं ना? नसलं तर राहू दे, कुणाला बोलत नाही. पण सोमवारी असू द्या.