उलटा लावलेला साठा

सोम., ३ नोव्हें.
प्रोबेशनचे शेवटचे दोन आठवडे. बाबांची नागपूरला बदली झालीच आहे, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सुटणार. नोकरी कन्फर्म झाली तर मी इथेच, पी.जी.त. नाहीतर त्यांच्यामागून नागपूर. मला नाही जायचं.
मानेसरला कारखान्यात जाणाऱ्या बसमध्ये खिडकी मिळाली, देवाची कृपा. स्टोअरच्या यादवजींना स्क्रीनवर नवा माल वर हवा होता. साठ्याची लिस्ट तारखेने लावलेली, जुना माल आधी. मी लिस्टच रिव्हर्स केली. कोडची एकच ओळ! "वाह बेटा, बढ़िया!" फुशारून घरी.

शुक्र., ७
जेवताना मेतकुटाचं नवं पाकीट फोडायला गेले. आई ओरडली, "अगं, जुनं संपव आधी! नवं मागे ठेवलंय ते उगाच का?"
आणि मला ती लिस्ट आठवली. असेंब्ली लाइनवर माल पाठवणारा प्रोग्रॅमही तीच लिस्ट वाचतो, वरून. म्हणजे सोमवारपासून नवे रबर सील जातायत आणि जुने रॅकवर पडून, मुदत संपेपर्यंत...
गुपचूप दुरुस्त केलं तर कुणाला कळणार आहे? पण.

शनि., ८
सांगून टाकलं. ग्रोव्हर मॅडम, माझ्या टीम लीड, म्हणाल्या, "यार, उल्टा पढ़ना था, तूने तो उल्टा कर ही दिया!" मूळ क्रमाला हात लावायचा नाही, नुसतं शेवटापासून वाचायचं. एवढंच तर होतं. शेजारी बसून माझ्याच हातून दुरुस्त करून घेतलं. जुने सील यादवजींनी पुढे काढले, मुदत अजून आहे. वाचलो सगळे.
"बता दिया, अच्छा किया. लेकिन तेरी प्रोबेशन रिपोर्ट में लिखना पड़ेगा."
लिहा म्हटलं. खूप हलकं वाटतंय. अशी वरिष्ठ मिळायला नशीब लागतं, खरंच.

बुध., १२
रिपोर्ट वर गेला. मॅडमनी त्यात काय लिहिलंय, विचारलं नाही. धीरच झाला नाही.

सोम., १७
बसमध्ये लिहितेय. अकराला कन्फर्मेशनची मीटिंग. बाबा सकाळी म्हणाले, "नागपूरही काही वाईट नाही गं." आणि लगेच पेपरात तोंड खुपसलं.
आईने मऊभात वाढला. मेतकुटाचं जुनं पाकीट अर्धं होतं, तरी ते बाजूला सारून तिने मागचं नवं काढलं आणि माझ्यासमोर फोडलं. "आज असू दे नवं," म्हणाली. दोनदा मागून घेतलं.