हळदीचे कागद आणि अप्पांची विभूती

२२ जून, रविवार

हरभऱ्याला मोड आले! ओल्या फडक्यातले आलेच, कोरड्यातले तसेच टणक. वैष्णवीने दोन्ही ओंजळीत धरून गल्लीभर दाखवले.

ही शेजारच्या सुंदरबाईंची नात, सातवीत आहे. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांची बदली झाली, नवे कुणी आले नाहीत. परवा ओट्यावर येऊन म्हणाली, "काकू, धडा नुसता वाचून घेतात. तुमाला येतं का विज्ञान?"

येतं का! दहावीला सगळ्यात जास्त मार्क त्यातच होते. पण लग्न होऊन सिरसाळ्याला आल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून दर रविवारी दुपारी ओट्यावर बसायचं ठरलं. वैष्णवी, तिच्या वर्गातला सत्यम, आणखी चार-पाच लेकरं. हे आमच्या दुकानातून डोकावले. "पगारी मास्तर मिळंना, अन् तू फुकटात शाळा काढलीस!" हसतच म्हणाले, म्हणून बरं.

२५ जून

सामान शोधते आहे. पुस्तकात लिहिलंय — भिंग घ्या, परीक्षानळी घ्या. कुठून घ्या? बंद पडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधून लोहचुंबक निघाला. त्यावर सुई घासली, पिंपळाच्या पानावर ठेवून परातीत सोडली — फिरून फिरून उत्तरेलाच तोंड करते! उडालेला बल्ब पोखरून पाणी भरलं, त्यातून मुंगी हरभऱ्याएवढी दिसली. काच फुटली असती म्हणून हे ओरडले. ओरडू देत.

खडू आणले. हिशेब लिहिताना अडले. हे कशात धरायचं? किराणा नाही, कपडालत्ता नाही. शेवटी देवधर्माच्या खाली लिहिलं.

२९ जून, रविवार

सगळे आले. एकही लेकरू नुसतं बसलं नाही.

४ जुलै

परळीला वैजनाथाचं दर्शन घेतलं आणि येताना शाळेच्या सामानाच्या दुकानात परीक्षानळी विचारली. दुकानदार अदबीने म्हणाला, "कोणत्या शाळेच्या बाई तुम्ही?"

कोणत्याच नाही म्हटलं. घरचीच. मग त्याने नळी पुन्हा कपाटात ठेवली, मीही घेतली नाही. सलाईनची रिकामी बाटली चालेल.

पण जीपमध्ये सारखं तेच आठवत होतं — कोणत्या शाळेच्या बाई. अकरावीचा फॉर्म अप्पांनी गेवराईहून आणला होता. सायन्सचा. चकलांब्याच्या माहेरच्या घरात तो देवाच्या फोटोमागे ठेवला होता. मग हे स्थळ आलं. अप्पा काही बोलले नाहीत, मीही नाही. त्या फॉर्मचं पुढे काय झालं असेल?

१३ जुलै, रविवार

आज काय झालं ते लिहिताना अजून अंगावर काटा येतोय.

हळदीच्या पाण्यात कागद भिजवून वाळवून ठेवले होते. लिंबू लावलं, पिवळाच. साबण लावला, लालभडक! धुण्याचा सोडा, तोही लाल. लेकरांनी ओटा डोक्यावर घेतला. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो हे आपण बायका रोज बघतो. त्याला प्रयोग म्हणतात हे कुठे ठाऊक होतं!

मग ज्याला त्याला जे सापडेल ते लावून बघायचं. सत्यम सरळ देवघरात गेला आणि ताटलीतली विभूती ओल्या बोटावर घेऊन आला. मी ओरडले, "अरे, देवाचं आहे ते!" तोवर त्याने लावलीही होती.

कागद लाल झाला. कुंकवासारखा!

माझे हात आपोआप जोडले गेले. म्हटलं, "बघितलंत? महादेवाची शक्ती आहे ही."

वैष्णवी कागदाकडे बघत म्हणाली, "मग काकू, साबणात पण महादेव हाय का?"

पोरं हसून लोळली. मलाही हसू आलं, पण दटावलं तिला.

१५ जुलै

गल्लीतल्या बाया बघायला आल्या. प्रत्येकीपुढे कागद लाल करून दाखवला. जाताना सगळ्यांनी दुकानातून विभूती नेली. सुंदरबाईंनीही नेली, त्यांच्याकडे एरवी लावत नाहीत तरी.

श्रावणासाठी यांनी नव्या व्यापाऱ्याकडून खोकीच्या खोकी आणली आहेत. माल पांढराशुभ्र. हे खूश. "तुझ्या शाळेनं दुकान चालवलं की गं!"

शाळा म्हणाले. थट्टा न करता.

१८ जुलै

सकाळी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्यावर अप्पांची डबी काढली. त्यात त्यांच्या हातची एकच वडी उरली आहे. दर हिवाळ्यात ते विभूती करायचे. ही शेवटच्या हिवाळ्यातली. लावत नाही मी, संपेल म्हणून. नुसती हुंगते. अजून त्यांच्या धोतराला यायचा तसा वास येतो. थोडा धुराचा, थोडा उन्हाचा.

मनात आलं, बाजारची विभूती एवढी लाल करते तर अप्पांची काय करील! रविवारी लेकरांना दाखवायची. अप्पांनाही दाखवायची होती माझी शाळा. ओट्याच्या कडेला बसले असते, काठी आडवी टाकून.

२० जुलै, रविवार

कागद पिवळाच राहिला.

नखभर उगाळली होती. दुसरा कागद घेतला, तो पण पिवळा. तिसरा घ्यायचा धीर झाला नाही. सत्यम म्हणाला, "काकू, तुमच्या अप्पांची विभूती एक्स्पायर झाली!" सगळे हसले. त्याला काय माहीत. मी लेकरांना लवकर सोडून दिलं.

अप्पांची भक्ती कमी होती? पहाटे थंड पाण्याने न्हाऊन, उपाशी पोटी करायचे सगळं. जेवण गेलं नाही आज.

२१ जुलै, सोमवार

सकाळीच सुंदरबाई वैष्णवीच्या तान्ह्या भावाला घेऊन आल्या, मागे वैष्णवी. कपाळावर बोटांच्या तीन रेघा — लालबुंद, सोललेल्या!

"देवाची म्हणून लावली गं शिवकांता. लेकरू सारखं रडालंय. असं कावून झालं?"

मी कपाळ पाण्याने धुतलं, खोबरेल लावलं. आंघोळीनंतर त्यांनी चांगली ओली करून फासली होती. लेकरू निजलं तशी सुंदरबाईंनी पान काढलं, चुन्याची डबी उघडली. वैष्णवी त्या डबीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काकू, हळदीचे कागद हायत का?"

चुना लावला. लाल. अगदी तसाच, विभूतीसारखा.

वैष्णवीने माझ्याकडे बघितलं.

त्या दोघी गेल्यावर मी देवघरात बसले आणि आठवलं. अप्पा विभूतीसाठी गोवऱ्यांची राख घागरीत कालवायचे. गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतून द्यायचे. पुन्हा नवं पाणी, पुन्हा ओतायचे. मी लहान, शेजारी उकिडवी बसलेली. "अप्पा, कावून फेकता?" तर म्हणायचे, "खार जाऊ दे माय. तान्ह्याच्या कपाळाला बी आग व्हता कामा न्हाई."

म्हणून पिवळा राहिला कागद.

आणि मी त्यांच्या भक्तीवर शंका घेतली! खूप रडले. डबी छातीशी धरून रडले. ते असते तर म्हटलं असतं, अप्पा, तुम्ही करायचात तो सातवीच्या पुस्तकातला धडा आहे. मला शिकवायला मिळाला.

२२ जुलै

यांना सगळं सांगितलं. विभूतीतला चुना, लेकराचं कपाळ, अप्पांचं राख धुणं.

"श्रावण तोंडावर आलाय, खोकी भरून पडलीत. अन् आता म्हणतीस चुना हाय?"

"मी नाही म्हणत. हळद म्हणते."

ताट सरकवून उठले. "बंद कर ती शाळा."

२४ जुलै

बोलणं नाही. भाकरी वाढते, ते खातात. खडूचा डबा माळ्यावर ठेवला.

२७ जुलै, रविवार

दुपारी लेकरं आली. मी दाराआडून म्हटलं, आज नाही. तरी गेली नाहीत. ओट्यावरच बसली. चपलांचा आवाज, एकमेकांना ढकलणं, कुणीतरी उगाच शिट्टी वाजवत होतं. मी आत परातीसमोर बसून होते आणि जीव सगळा दारापाशी. तीस-पस्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते एका फळीपलीकडे बसलं होतं.

मग सत्यमचा आवाज आला. कुणा नव्या पोराला सांगत होता, "कागद लाल होतो बे! महादेवाची शक्ती हाय ती. काकूनंच शिकवलंय आमाला."

मी शिकवलंय!

उठले. माळ्यावरून डबा काढला, दार उघडलं. साबण, चुना, दुकानातली विभूती आणि अप्पांची, चारही गोष्टींचे चार कागद मांडले. म्हटलं, "लेकरांनो, मी चुकीचं सांगितलं होतं. ही शक्ती नाही, चुना आहे. खार असला की हळद लाल होते."

सत्यम म्हणाला, "मग देव खोटा का काकू?"

"देव नाही रे. माल खोटा."

दुकान भिंतीला लागूनच आहे. तिकडे तराजूचा आवाज थांबला होता. सगळं ऐकलं असणार. मी आवाज कमी केला नाही.

वैष्णवीने पिवळा कागद उचलला. "हा तुमच्या अप्पांचा. हा मला द्या वहीत चिकटवायला." दिला.

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार

खोकी समोर मांडलेली नव्हती. टेम्पोत घालून व्यापाऱ्याकडे परत पाठवली म्हणे. गिऱ्हाइकांना हे एवढंच सांगत होते, "विभूती न्हाई." सुंदरबाईंच्या घरी जाऊन लेकराचं कपाळही बघून आले. मला कळलं ते सुंदरबाईंकडून.

रात्री जेवताना ताटाकडे बघत विचारलं, "तुझे अप्पा राख किती पाण्यानं धुवायचे?"

"मोजलं नव्हतं. खार जाईपर्यंत."

"अन् गेला हे कसं कळायचं त्यांना?"

"जिभेवर ठेवून बघायचे."

हम्म म्हणाले. भाकरी आणखी एक घेतली.

३१ जुलै

परसात घागर दिसली. सुंदरबाईंच्या गायीच्या गोवऱ्यांची राख आहे आत.

३ ऑगस्ट, रविवार

शिकवता शिकवता वर बघितलं तर लेकरांच्या मागे हे उभे. दोन्ही हात कोपरापर्यंत राखेने माखलेले, बोटांत हळदीचा एक ओला कागद.

"बाई," म्हणाले, "माझा पिवळा राहिलाय. तपासता का?"