देवीकडे पाठ

आई, तू गेलीस तेव्हा मी मुरबाडला लग्नांचं शूटिंग करत होतो. आता सिनेमाचा कॅमेरा पट्ट्यांनी अंगावर बांधून चालतो. मागच्या महिन्यात टोकावड्याच्या पलीकडे एका गावात काम होतं. एक म्हातारी घरातून निघते, आळीतून येते, देवीच्या पायऱ्या चढते आणि दारात बसते; सात मिनिटं, मध्ये कुठेही न तोडता. मी तिच्याकडे तोंड करून पुढे उलटा चालणार आणि माझा जोडीदार माझ्या कमरेला हात लावून मला नेणार. खर्डीचा आहे तो. पंधरा वर्षं त्याच्या हातावर भरवसा ठेवून मी न बघता मागे पाऊल टाकतो आहे. चालताना तो बोलत नाही. बोटं दाबली की पायरी, तळवा टेकला की थांब.

तालमीत देवळाचं दार बंद होतं. पहिले दोन टेक आळीतच फसले. तिसरा शेवटच्या पायरीपर्यंत सुरेख आला, आणि तिथे म्हातारीने माझ्या खांद्यावरून पाहत हात जोडले. तालमीत नुसते उचलले होते. आता खरेच जोडले. गुरवाने दार उघडलं आहे आणि माझ्या पाठीशी देवी आहे, हे मला तेव्हा कळलं.

तू देवळातून उंबऱ्यापर्यंत उलट्या पावलांनी यायचीस. मी चौथीत असताना एकदा सरळ वळून निघालो, तर सगळ्यांदेखत म्हणालीस, "पाठ कुनाला दावतोस रे? म्हशीम्होरनं तरी नीट जातोस!" माणसं हसली. त्यानंतर मी कधी देवीकडे पाठ केली नाही.

त्या पायरीवर माझं अंग आपोआप बाजूला वळलं. चित्रात माईक धरलेला माणूस आला आणि सात मिनिटं वाया गेली. मी म्हणालो, पाय अडखळला. दिग्दर्शक माझ्या जोडीदाराकडे वळला, "तुम्हाला कशाला ठेवलंय? लक्ष कुठे होतं?" तो मान खाली घालून उभा राहिला. मीही उभा राहिलो. म्हातारी गुडघा धरून पायऱ्या उतरू लागली. "चला बाबांनो, देवीला अजून एकदा बघायचंय आपल्याला," म्हणाली. चौथ्या टेकला मी मनात क्षमा मागितली आणि शेवटपर्यंत पाठ करून राहिलो. तो जमला.

परतताना जीपमध्ये जोडीदार बाहेर बघत म्हणाला, "पाय अडखळला म्हनं! माजा हात कुठं होता तवा?"

"कमरेला."

"मग? तू अडखळलास नि मला कळलं नाय, असं होईल का रे?"

मी म्हणालो, मुरबाड आलं, चहा घेऊ.

"नाय. टाइम झालाय मला."

पुढच्या कामाला तो दुसऱ्या कॅमेरावाल्याबरोबर जाणार आहे असं ऐकतो. त्याचं बरोबर आहे. जो माणूस खरं सांगत नाही, त्याच्या कमरेला हात लावून त्याला काय कळणार?

हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहिता येतंय. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या गावी गेलो, देवीपुढे नारळ फोडला, बराच वेळ बसलो. खर्डीला, त्याच्याकडे, अजून गेलो नाही.