मधला गिअर बसला आहे

मी, इंदिराबाई नागनाथ बोंगाळे, वय ७४, राहणार बनशंकरी, बेंगळुरू, हे लिहिते ते पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाही जिवंत माणसाच्या दबावाशिवाय. माझ्यामागे भांडणं नकोत म्हणून पुढीलप्रमाणे व्यवस्था लावून ठेवते.

१. राहतं घर माझा एकुलता मुलगा रविकिरण, राहणार मारतहळ्ळी, याला मिळावं. खाली भाड्याने राहणाऱ्या भव्याला त्याने हुसकावू नये. पोरगी रोज "अज्जी, ऊट आय्ता?" म्हणून जेवणाचं विचारते. पोटचा मुलगा रविवारी फोन करतो, तोही स्पीकरवर टाकून.

२. माझ्या पाटल्या नात मेघाश्रीला. नणंद कस्तुराबाई यांना पितळी पुरणयंत्र. त्यांनी ते नेलं तेव्हा दांडा होता, परत आणलं तेव्हा नव्हता, आणि वर म्हणाल्या, "वहिनी, असंच होतं ना?" असंच होतं तर असंच वापरा म्हणावं.

३. यजमानांची हत्यारं कोणालाच देत नाही. ती अजून वापरात आहेत.

याचा खुलासा करणं भाग आहे. यशवंतपूरच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर यजमान जुन्या सायकली आणून नव्यासारख्या करायचे. शेवटची, तीन गिअरची लेडीज सायकल, माझ्यासाठी घेतली होती. पहिला आणि तिसरा गिअर बसला. मधला काही केल्या पकडेना, पेडल नुसतं रिकामं फिरायचं. केबल स्वल्प आवळायची, चाक फिरवून बघायचं, पुन्हा आवळायची, असं चाललं असतानाच ते आजारी पडले. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून म्हणाले, "इंदू, मधला गिअर बसला की तुला न्यायला येतो."

तेरावं झालं आणि रोज दुपारची जेवणं झाली की सायकलपाशी आवाज सुरू झाला. आधी पान्याचा, मग चाकाचा. रवी म्हणाला, "आई, घूस असेल." मीही सरी, म्हणजे बरं, म्हटलं. पण खंडेनवमीला हत्यारांना हात लावायचा नाही हा यजमानांचा नेम, आणि दर खंडेनवमीला आवाज बंद! घुशीला खंडेनवमी कुठून कळणार?

त्यांनी आवळलेली केबल मी रोज चहाच्या आधी त्याच पान्याने सैल करायचे. ते घरात असलेले मला हवे होते, खोटं कशाला बोलू? फक्त गिअर बसू द्यायचा नव्हता. यंदा मात्र घात झाला. पूजेच्या गडबडीत खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच पाना धुऊन, कुंकू लावून पाटावर मांडला आणि मग आठवलं, आजचं त्यांचं काम उलटवायचं राहिलं. पूजेला मांडलेलं हत्यार उचलणार कसं? दसऱ्याला दुपारी पूजा हलवली, चहा टाकून आले, तर मधला गिअर बसलेला आणि वरचा नट घट्ट आवळलेला. माझ्या हातांनी हलेना. काल सीट माझ्या उंचीला उतरलेली होती. आज सकाळी सायकलचं तोंड दाराकडे होतं.

४. सायकल विकू नये. कोणाच्या हॉटेलात भिंतीवर टांगू नये.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात हे मला कळतं. म्हणून याचा फोटो भव्या आत्ताच रवीला पाठवते आहे. रवी, घर आणि पाटल्या राहू दे बाजूला. मोठा पाना घेऊन ये आणि तो नट सैल कर. त्यांच्यावर माझा जीव आहे, पण मला अजून जायचं नाही रे. जेवणं व्हायच्या आत ये.

सही: इंदिराबाई नागनाथ बोंगाळे

आम्ही खाली सही करणारे असं लिहून देतो की, बाईंनी वरील सही आमच्यासमोर केली व त्या पूर्ण शुद्धीत होत्या. त्यांच्या सांगण्यावरून तो नट आम्ही दोघांनी मिळून ओढून पाहिला. हलला नाही. फोटो रविकिरण यांना पोचला असून त्यांचं उत्तर आलं आहे: "मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी येतो."

साक्षीदार:
१. मालोजी हंचाटे, शेजारी (सही)
२. भव्या, भाडेकरू (सही)

ठिकाण: बनशंकरी, बेंगळुरू
दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५, दुपार